कंसातला संदर्भ सूचीशी जुळत नाही: लेखक-वर्ष पद्धतीत अडणाऱ्या जागा आणि त्यांवरचे उपाय

प्रबंध जमा करायच्या आठवड्यात एक शेरा हमखास परत येतो: ‘संदर्भ सूचीशी जुळत नाहीत.’ मजकुरात कंसात नाव आणि वर्ष आहे, पण सूचीत ती नोंदच नाही. किंवा नोंद आहे, पण वर्ष वेगळं. लेखक एकेक चूक दुरुस्त करतो आणि पुढच्या मसुद्यात तीच चूक दुसऱ्या पानावर उगवते.

इतरांच्या लेखांचे आणि प्रबंधांचे संदर्भ तपासायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझं ठाम मत झालंय की ही चूक सहसा निष्काळजीपणाची नसते. ती कामाच्या क्रमाची असते. लिहिता लिहिता कंस आधी टाकलेला असतो, स्मरणातून किंवा दुसऱ्याच्या लेखातून उचललेला, आणि सूची महिन्याभराने बनते. साध्या संदर्भात हे खपून जातं. एक लेखक, एक पुस्तक, एक वर्ष असेल तर बिघडण्यासारखं काही नसतंच. संदर्भ जरा वाकडा असला की दोन्हीकडे दोन वेगळे निर्णय घेतले जातात.

म्हणून क्रम उलटा करा. संदर्भ अडला की कंसाकडे बघूच नका. आधी सूचीतली नोंद पूर्ण लिहा. नोंदीच्या सुरुवातीला कुठलं नाव येतंय आणि त्यापुढे कुठलं वर्ष, हे ठरलं की तेच दोन उचलून कंसात ठेवा. वाचक कंसातला पहिला शब्द घेऊन सूचीत वर्णानुक्रमाने शोधत जातो, दुसरं काही करत नाही. तो शब्द जिथे नेतो तिथे नोंद सापडलीच पाहिजे.

खाली मी मुख्यतः एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमावलीची, सातवी आवृत्ती धरली आहे. शिकागो ही दुसरी नियमावली वेगळी पडते तिथे तसं म्हटलंय. कुणी ‘हार्वर्ड पद्धत वापरा’ एवढंच सांगितलं असेल तर कुठल्या नियमपत्रिकेनुसार, हे आधी विचारून घ्या. त्या नावाची एकच अधिकृत नियमावली अस्तित्वात नाही. विद्यापीठं आणि प्रकाशक आपापली रूपं वापरतात. या पद्धतीचा उगम सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ सालच्या, गोगलगायीच्या अंड्यांवरच्या लेखात दाखवला जातो. तेव्हापासून तिला इतके फाटे फुटलेत की नुसत्या नावावरून स्वल्पविराम कुठे द्यायचा हेही कळत नाही.

वर्ष नक्की कुठलं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

शिक्षणशास्त्राच्या एका मसुद्यात मी वाक्य वाचलं होतं की पियाजेनंतर ‘पुढे १९७८ मध्ये वायगॉट्स्की यांनी’ अमुक भूमिका मांडली. वायगॉट्स्की १९३४ मध्ये वारले. १९७८ हे त्यांच्या लेखनातून संपादकांनी निवडून इंग्रजीत काढलेल्या पुस्तकाचं वर्ष. सूचीत १९७८ बरोबरच होतं, कारण लेखिकेने वाचलं होतं ते तेच पुस्तक. कंसातही १९७८ बरोबर होतं. चुकलं होतं ते वाक्य. संदर्भाचं वर्ष म्हणजे विचार मांडल्याचं वर्ष, असं समजून तिने कालक्रम रचला होता आणि त्यावर पुढचा पूर्ण परिच्छेद उभा होता. कंसातलं वर्ष फक्त एवढंच सांगतं की मी हाती घेतलेली प्रत या साली निघाली. कालक्रमाबद्दल बोलायचं असेल तर तो वाक्यात वेगळा लिहावा लागतो.

यासाठीच दोन वर्षांची सोय आहे. फ्रॉइड यांचं स्वप्नांवरचं पुस्तक तुम्ही स्ट्रेची यांच्या १९५३ च्या इंग्रजी आवृत्तीत वाचलं असेल तर एपीएत कंसात (फ्रॉइड, १९००/१९५३) येतं. आधी मूळ वर्ष, तिरकी रेघ, मग हातातल्या प्रतीचं वर्ष. सूचीत मात्र नोंद १९५३ खाली जाते आणि मूळ प्रकाशनाचं वर्ष नोंदीच्या शेवटी येतं. ‘कंसात १९०० आहे, सूचीत १९५३ आहे, जुळत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते, आणि इथे ती खरी चूक नसते. कंसात नुसतं १९०० लिहिलं असेल तर मात्र चूक आहे.

याच पुस्तकाचा आणखी एक पेच आहे. ते छापून बाजारात आलं नोव्हेंबर १८९९ मध्ये, पण मुखपृष्ठावर वर्ष छापलं १९००. कुठलं घ्यायचं? छापलेलं. प्रत्यक्ष केव्हा विक्रीला आलं ही माहिती महत्त्वाची वाटत असेल तर वाक्यात सांगा. संदर्भ पुस्तक स्वतःबद्दल जे म्हणतं त्यावर चालतो.

सोस्यूर यांचंही असंच. ते १९१३ मध्ये वारले, भाषाविज्ञानावरचं पुस्तक निघालं १९१६ मध्ये, आणि तेही बाली आणि सेशहे या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांवरून सिद्ध केलेलं. तरी नोंद सोस्यूर यांच्याच नावावर जाते, कारण पुस्तक त्यांच्या नावाने निघालं. १९५९ चा इंग्रजी अनुवाद वाचला असेल तर (सोस्यूर, १९१६/१९५९). अनुवादकाचं नाव नोंदीत येतं, कंसात येत नाही.

पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. आवृत्तीत बदललेला असू शकतो, आणि तो बदल कधीकधी तुमच्या मुद्द्याच्याच जागी असतो. ‘सर्वात सक्षम तोच टिकतो’ या अर्थाचा प्रसिद्ध इंग्रजी वाक्प्रयोग कितीतरी लेखांत (डार्विन, १८५९) असा दिलेला दिसतो. पहिल्या आवृत्तीत तो नाहीच. स्पेन्सर यांनी तो १८६४ मध्ये वापरला आणि डार्विन यांनी आपल्या ग्रंथात घेतला तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. १८५९ चा संदर्भ इथे दिसायला बरोबर, सूचीशी जुळणारा आणि तरीही खोटा आहे. असा संदर्भ कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही. तो पकडायला पुस्तक उघडावं लागतं.

नियतकालिकांतल्या लेखांना दोन वर्षं वेगळ्या कारणाने मिळतात. लेख आधी संकेतस्थळावर येतो, अंकात नंतर जातो, आणि मध्ये ३१ डिसेंबर पडतो. लेखाला खंड आणि अंक क्रमांक मिळाला असेल तर त्या अंकाचं वर्ष घ्या. तुम्ही तो वाचताना अंक निघालेला नसेल, तर प्रबंध जमा करण्याआधी एकदा परत बघा. आता निघाला असेल.

आणि वर्षच नसेल तर? आधी नीट शोधा. पानाच्या तळाशी असलेलं कॉपीराइटचं वर्ष हे त्या मजकुराचं वर्ष नव्हे. ते पूर्ण संकेतस्थळाचं असतं आणि दर जानेवारीत आपोआप बदलतं. खरंच काही सापडलं नाही तर वर्षाच्या जागी ‘एन. डी.’, म्हणजे तारीख नाही, असं लिहा. मराठी प्रबंधात काहीजण ‘ता. ना.’ लिहितात, चालेल, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच हवं. अंदाजाने वर्ष मात्र टाकू नका.

जुन्या मराठी पुस्तकांवर शक छापलेला असतो. चैत्र ते मार्गशीर्ष या महिन्यांसाठी शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, माघ-फाल्गुनासाठी ७९. पौष दोन्हीकडे पडू शकतो. शके १८२० म्हणजे १८९८-९९. महिना छापलेला नसेल तर एकच वर्ष ठोकून देण्यापेक्षा जोडवर्ष लिहावं आणि नोंदीत छापील शकही ठेवावा. ग्रंथालयात पुस्तक शोधणाऱ्याला मुखपृष्ठावरचा आकडाच उपयोगी पडतो.

एकाच लेखकाचं एकाच वर्षी बरंच काही

१९०५ हे आइन्स्टाइन यांचं वर्ष. ‘आनालेन डेर फिजिक’ या नियतकालिकात आलेले त्यांचे चार लेख: प्रकाशकणांवरचा, ब्राउनियन गतीवरचा, विशिष्ट सापेक्षतेवरचा आणि वस्तुमान-ऊर्जेवरचा. कंसात नुसतं (आइन्स्टाइन, १९०५) लिहिलं तर वाचकाला चारपैकी कुठला ते कळणार नाही. म्हणून वर्षाला अ, ब, क, ड जोडायचे.

पण कुठल्याला अ? इथे जवळजवळ सगळे चुकतात. कुणी प्रकाशनाच्या क्रमाने देतं, कुणी आपल्या प्रकरणात जो आधी आला त्याला अ देतं. नियम तो नाही. सूचीत एकाच लेखकाच्या एकाच वर्षीच्या नोंदी शीर्षकाच्या वर्णानुक्रमाने लागतात, आणि अक्षरं त्या क्रमाने मिळतात. चारही शीर्षकं जर्मन आहेत. वस्तुमान-ऊर्जेच्या लेखाचं शीर्षक ‘इस्ट’ या शब्दाने सुरू होतं, म्हणजे रोमन ‘आय’ने, प्रकाशकणांच्या आणि ब्राउनियन गतीच्या लेखांचं ‘युबर’ने, ‘यू’खाली, सापेक्षतेच्या लेखाचं ‘त्सुर’ने, ‘झेड’खाली. त्यामुळे चौघांत सगळ्यात शेवटी छापून आलेला वस्तुमान-ऊर्जेचा लेख १९०५अ होतो, ब्राउनियन गतीचा १९०५ब, आणि सगळ्यात आधी आलेला प्रकाशकणांचा १९०५क. सापेक्षतेचा १९०५ड.

आता समजा शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शक म्हणाले की त्याच वर्षीचा त्यांचा पीएचडीचा प्रबंधही घ्या. त्याच्या शीर्षकाची सुरुवात ‘आइने’ या उपपदाने आहे. ते क्रम लावताना सोडून द्यायचं, आणि पुढचा शब्द ‘नॉये’ रोमन ‘एन’खाली पडतो. म्हणजे तो ‘आय’ आणि ‘यू’ यांच्या मध्ये शिरतो. अ जागेवर राहिलं, पण जुना ब आता क झाला, क चा ड, ड चा इ. मजकुरात हाताने लिहिलेला प्रत्येक १९०५ब आता चुकीच्या लेखाकडे बोट दाखवतोय, आणि दिसायला सगळं ठीक आहे. दोन्हीकडे नोंदी आहेत, संख्याही जुळते.

म्हणून अक्षरं सगळ्यात शेवटी द्या. मसुद्यात असताना (आइन्स्टाइन, १९०५-ब्राउनियन) अशी कामचलाऊ खूण ठेवा. सूची बंद झाली, आता एकही नोंद वाढणार नाही असं ठरलं, की मग शोधून बदला. हाताने काम करणाऱ्यांसाठी यापेक्षा खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

पहिला शब्द कुठला?

कंसातल्या किल्लीचा दुसरा भाग म्हणजे नाव.

आडनाव एकच आणि माणसं दोन, हा प्रकार संख्याशास्त्रात रोज भेटतो. काय-वर्ग चाचणीचा १९०० चा लेख कार्ल पिअरसन यांचा; त्यांचा मुलगा एगॉन पिअरसनही मोठा संख्याशास्त्रज्ञ. दोघांच्या स्वतंत्र नोंदी सूचीत असतील तर कंसात प्रत्येक वेळी आद्याक्षरं द्यायची, वर्षं वेगळी असली तरी: (के. पिअरसन, १९००), (ई. एस. पिअरसन, १९३८). ‘वर्षावरून कळतंच की’ हे कारण एपीए मानत नाही, आणि ते योग्यच आहे. वाचक सूचीत आधी नाव शोधतो. पण हा नियम पहिल्या लेखकापुरताच आहे. (नेमन आणि पिअरसन, १९३३) मध्ये एगॉन दुसऱ्या जागी आहेत, तिथे आद्याक्षरं नकोत.

टोपणनाव असेल तर छापलेलंच ठेवा. टी-चाचणीचा १९०८ चा लेख गॉसेट यांनी ‘स्टूडंट’ या नावाने लिहिला. नोंद ‘स्टूडंट’खाली, कंसात (स्टूडंट, १९०८). खरं नाव वाक्यात सांगा. कंसात गॉसेट लिहिलं की वाचक सूचीत ‘ग’खाली शोधत बसतो.

नाव कुठून तोडायचं हाही प्रश्न असतो. मज्जासंस्थेचे अभ्यासक सांतियागो रामोन इ काहाल यांचं आडनाव ‘रामोन इ काहाल’ असं पूर्ण आहे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, या सवयीने ते ‘काहाल’खाली टाकले जातात. चिनी नावांत आडनाव आधी असतं. सिमोन द बोव्हार यांना एपीए ‘द’सकट धरतं, तर शिकागो ‘बोव्हार’खाली लावतं. प्रत्येक भाषेचा नियम पाठ असण्याची गरज नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत त्या लेखकाची नोंद कशी आहे ते बघा, तुमच्या नियमावलीशी ताडा, एक रूप ठरवा आणि तेच दोन्हीकडे ठेवा.

लेखकच नसेल तर शीर्षक पुढे सरकतं आणि नोंदीचा पहिला शब्द होतं. कंसात त्याच शीर्षकाचे पहिले काही शब्द अवतरणात किंवा तिरक्या अक्षरांत येतात. ‘अनामिक’ असं तेव्हाच लिहायचं, जेव्हा कृतीवर ‘अनामिक’ अशी सही असेल. पण त्याआधी नीट बघा, लेखक खरंच नाही का? अहवालांना आणि संकेतस्थळांवरच्या पानांना बहुतेक वेळा संस्था हीच लेखक असते. संस्थेचं लांबलचक नाव पहिल्यांदा पूर्ण लिहून शेजारी संक्षेप द्या, पुढे संक्षेप वापरा. सूचीत मात्र एपीएप्रमाणे पूर्ण नावच.

‘एट अल.’ कधी आणि कुणापुढे

जुनी नियमपत्रिका वापरणाऱ्यांची इथे फसगत होते. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले तर पहिल्या उल्लेखात सगळी नावं द्यावी लागत. २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकलं: तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि ‘एट अल.’, मराठीत ‘आणि इतर’. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीत ही मर्यादा चार लेखकांची होती. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत तीही तीनवर आली. एकाच प्रकरणात दोन्ही तऱ्हा दिसल्या तर प्रकरणाचे भाग वेगवेगळ्या वर्षी लिहिले गेलेत हे परीक्षकाला लगेच कळतं.

सूचीचा नियम वेगळा आहे. तिथे एपीए वीस लेखकांपर्यंत सगळी नावं मागतं. एकवीस किंवा जास्त असतील तर पहिली एकोणीस, मग टिंबं, मग शेवटचं नाव. मोठ्या आकड्यांसाठी असा नियम लागतोच. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा २०१५ चा लेख ५,१५४ लेखकांचा आहे. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्था यांच्या यादीने भरली आहेत. कंसात तो नुसता (आद आणि इतर, २०१५) होतो. पण तिथेच दुसरा पेच आहे. ॲटलस या कणभौतिकीच्या प्रयोगाचे लेखक वर्णानुक्रमाने लावलेले असतात आणि आद हे नाव वर्णक्रमात अगदी वर येतं, त्यामुळे त्या वर्षीचे ढीगभर लेख ‘आद आणि इतर, २०१५’ असेच दिसतात.

अशी टक्कर झाली तर नावं वाढवायची: जिथे दोन लेखांच्या लेखकांची नावं वेगळी पडतात तिथपर्यंत लिहायची आणि मग ‘आणि इतर’. फरक फक्त शेवटच्या नावात असेल तर सगळी नावं लिहायची, कारण ‘आणि इतर’ एकट्या माणसासाठी वापरत नाहीत. नावं शेवटपर्यंत तीच असतील तरच अ, ब ही अक्षरं. पुष्कळ लोक थेट अक्षरांवर उडी मारतात. लेखकांचे गट वेगळे असताना अक्षरं दिली तर दोन वेगळे गट एकच आहेत असं वाचकाला वाटतं.

मूळ पाहिलेलंच नाही

पुस्तकात दुसऱ्याचा उतारा सापडला, मूळ मिळालं नाही. मग कंसात मूळ लेखक, मूळ वर्ष, आणि ‘... मध्ये उद्धृत’ म्हणून तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचा लेखक आणि वर्ष. सूचीत फक्त तुम्ही वाचलेलं पुस्तक. मूळ लेखकाची नोंद सूचीत सापडत नाही म्हणून ती घाईने भरणारे विद्यार्थी मी पाहिलेत. ती चूक नव्हती. भरल्यामुळे चूक झाली.

मूळ वाचल्याचा आभास का धोकादायक आहे याचं माझ्या आवडीचं उदाहरण पालकाचं आहे. पालकात लोह भरपूर हा समज जुन्या संशोधनातल्या दशांशचिन्हाच्या चुकीने पसरला, असं १९८१ मध्ये हॅम्ब्लिन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं. त्या विधानाला आधार दिलेला नव्हता. पुढे ते एकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात उतरत गेलं. २०१४ मध्ये ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मध्ये रेकडाल यांनी ही साखळी उलगडून दाखवली. मूळ न उघडता पुढे ढकललेल्या संदर्भांमुळेच ही कहाणी खरी वाटत राहिली. ‘मध्ये उद्धृत’ हे दोन शब्द लिहायला लाज वाटू देऊ नका. मात्र ग्रंथालयात मिळण्यासारखं पुस्तक असेल तर ते मिळवाच.

सॉफ्टवेअर वापरूनही बिघडलं तर

संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर नियम सहसा बरोबर पाळतं. त्याला दिलेली माहिती चुकीची असते. म्हणून कंसात दिसणारं लक्षण ओळखायला शिका.

कंसात अचानक आद्याक्षरं यायला लागली? एकच लेखक तुमच्या संग्रहात दोन रूपांत साठलाय: एकदा ‘वायगॉट्स्की, एल.’ आणि एकदा ‘वायगॉट्स्की, लेव्ह एस.’ सॉफ्टवेअरला ही दोन माणसं वाटतात आणि ते पिअरसनचा नियम लावतं. दोन्ही नोंदींतलं नाव अक्षरशः एकसारखं करा, आद्याक्षरं निघून जातील.

२०१९अ आहे पण दुसरी नोंद वेगळी वाटतच नाही? एकच लेख दोनदा आयात झालाय. नोंदी एकत्र करा. एक नुसतीच पुसून टाकू नका, कारण मजकुरातले काही कंस त्या पुसलेल्या नोंदीला जोडलेले असू शकतात आणि ते तसेच लटकत राहतात.

सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असं काहीतरी दिसतंय? जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव नाव-आडनाव अशा दोन चौकटींत तुटलंय. सॉफ्टवेअरने ‘वर्ल्ड हेल्थ’ हे पहिलं नाव आणि ‘ऑर्गनायझेशन’ हे आडनाव धरलं. लेखकाची चौकट एकेरी करा आणि पूर्ण नाव त्यात टाका. लाटेक वापरणाऱ्यांनी बिबटेकच्या नोंदीत संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात घालावं, म्हणजे ते तुटत नाही.

हे सगळं नोंदीत दुरुस्त करा, वर्डच्या फाइलमध्ये नाही. फाइलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सूची ताजी केली की पुसली जाते. ‘मी हे काल दुरुस्त केलं होतं’ असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो.

मराठी प्रबंधात दोन लिप्या

याबद्दल नियमावल्यांमध्ये फारसं काही मिळत नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्यांचे सगळ्यात जास्त संदर्भ इथेच तुटतात. मजकूर मराठी, म्हणून कंसात (पिअरसन, १९००) देवनागरीत. सूचीत नोंद रोमनमध्ये. वाचकाने ‘प’खाली शोधायचं की ‘पी’खाली? त्यातून एका प्रकरणात पिअरसन, दुसऱ्यात पियर्सन, तिसऱ्यात पिअर्सन. शोध-चौकटीत एक रूप टाकलं की बाकीची दोन सापडत नाहीत.

माझा सल्ला असा: वाक्यात नाव देवनागरीत लिहा, मराठी वाचता आली पाहिजे. कंसात मात्र सूचीची लिपी ठेवा. इंग्रजी पुस्तकाची नोंद रोमनमध्ये असेल तर कंसही रोमनमध्ये. सगळंच देवनागरीत हवं असा विभागाचा आग्रह असेल तर सूचीतल्या इंग्रजी नोंदीच्या आधी देवनागरी रूप द्या आणि क्रम त्याच रूपाने लावा. तसं करताना प्रत्येक परकीय नावाचं एकच लेखन ठरवणारा तक्ता आधी बनवा आणि शेजारी उघडा ठेवा. मराठी आणि इंग्रजी अशा दोन सूच्या करायच्या तर कुठला कंस कुठल्या सूचीत जातो हे लिपीवरून कळलंच पाहिजे.

मराठी नावांतही घोळ होतो, कारण मुखपृष्ठावर नाव आधी आणि आडनाव शेवटी असतं, कधी फक्त आद्याक्षरं असतात. एका लेखकाची दोन पुस्तकं, एकावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं. सूचीत ती दोन माणसं होऊ नयेत.

उरलेले लहान पेच

पान क्रमांक नसेल तर परिच्छेद क्रमांक किंवा प्रकरणाचं, उपशीर्षकाचं नाव द्या. अभिजात ग्रंथांना ठरलेली क्रमांकपद्धत असते, ती पानापेक्षा चांगली. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधलं गुहेचं रूपक ५१४ए पासून सुरू होतं, कुठलीही आवृत्ती घेतली तरी तो क्रमांक तोच राहतो. ॲरिस्टॉटलसाठी बेकर क्रमांक.

ईमेल, फोनवरची माहिती, खाजगी मुलाखत: कंसात नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि पूर्ण तारीख; एपीएनुसार सूचीत नोंद नाही, कारण वाचकाला ते मिळवता येत नाही.

संपादित पुस्तकातलं प्रकरण वापरलं तर कंसात प्रकरणाचा लेखक येतो, संपादक नाही. ही चूक इतक्या वेळा दिसते की प्रत्येक संपादित ग्रंथाची नोंद मी एकदा उघडून बघतोच.

मागे घेतलेला लेख टाळता येत नसेल तर त्याची नोंद ठेवा, पण मागे घेतल्याचं सांगा. एमएमआर लसीबद्दलचा ‘लान्सेट’मधला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. कंसात (वेकफील्ड आणि इतर, १९९८) असंच राहील, सूचीतल्या नोंदीत मागे घेतल्याचं वर्ष आणि तपशील येईल, आणि वाक्यातही ते स्पष्ट हवं. नुसता कंस बघणाऱ्याला तो अजून ग्राह्य लेख वाटेल.

जमा करण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. सूची कागदावर छापा. फाइलमध्ये उघडा कंस शोधत पहिल्या पानापासून जा, आणि प्रत्येक कंसासाठी कागदावरच्या नोंदीवर खूण करा, नाव आणि वर्ष दोन्ही अक्षरशः तपासून. कंस सापडला पण नोंद नाही, तर थांबून ती भरा. मग उलट बाजूने या: ज्या नोंदीवर एकही खूण नाही ती काढा, किंवा ती मजकुरात कुठे यायला हवी होती ते शोधा. वाक्यात नाव असून फक्त वर्ष कंसात असलेले संदर्भ या फेरीत निसटतात, म्हणून दुसऱ्या फेरीत १८, १९ आणि २० हे आकडे शोधा. अ-ब-क ची अक्षरं या दोन फेऱ्यांनंतरच भरा.